घड्याळ, नकाशा, जमीन

मी विमान चालवते हे बालाघाटात ज्याला कळतं, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. भाजीवाल्या मावशी असोत, बँकेतले कारकून असोत की गल्लीतली पोरं असोत. "ताई, वरून आपलं घर दिसते का वो?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत इतकं कौतुक असतं की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण खरं उत्तर नाही असंच आहे. घर दिसत असेलही, मी ते शोधत नाही. जमिनीपासून दोन हजार फूट वर गेलं की माझी जिवाभावाची सगळी ठिकाणं छपरांच्या करड्या पट्ट्यात विरून जातात. काली पुतली चौक जातो, माझी शाळा जाते, आईचं तुळशीवृंदावन तर कधीच गेलेलं असतं. आणि ज्यांच्याकडे जन्मभर ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ती ठिकाणं पुढे येऊन उभी राहतात. कटंगीकडे वळणारा रेल्वेचा फाटा, वैनगंगेवरचे पूल, भरवेलीच्या मँगनीज खाणीबाहेरचे काळपट ढीग. ज्या गावात वाढले त्या गावाची ही नवी यादी मला चाळिशीजवळ येऊन पाठ करावी लागली.

मी पोटासाठी उडत नाही. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, सुट्ट्या आणि पगारातली शिल्लक या छंदावर घालवते. आपल्याकडे खाजगी वैमानिकाच्या परवान्याला वयाची सतरा वर्षं पूर्ण लागतात आणि उड्डाणाचे किमान ४० तास. त्यांत एकट्याने केलेला लांबचा प्रवास पाच तासांचा हवा. त्यातलं एक उड्डाण १५० नॉटिकल मैलांचं आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरायचं. कागदावर हे आकडे साधे दिसतात. विमान उचलणं, वळवणं, उतरवणं हाताला बसतं, घाम गाळला की बसतंच. खरी कसोटी त्या पाच तासांत असते. शेजारच्या खुर्चीत कोणी नसतं आणि आपण कुठे आहोत ते सांगणारी खाली फक्त जमीन असते.

डोळ्यांच्या भरवशावर उडण्याचे नियमही डोळ्यांभोवतीच बांधलेले आहेत. सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधीपासून सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंतच असं उडता येतं. आमच्या उंचीवर समोरचं किमान पाच किलोमीटर दिसायला हवं. ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं हजार फूट अंतर राखायचं. या चौकटीत राहिलं तर वाट सापडायला हवी, असा कायद्याचा हिशेब. दिसणं आणि ओळखणं यांत मात्र बरंच अंतर आहे, आणि ते कोणत्याही नियमात मोजलेलं नाही.

आमच्या भागात विमान शिकायचं म्हटलं की सीमेपलीकडचं बिरसी. गोंदियाजवळची ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. पुढे बरीच वर्षं ती निपचित पडून होती. गेल्या दीड-दोन दशकांत तिथे वैमानिक घडवण्याचं काम सुरू झालं आणि गोंदिया-बालाघाटच्या आभाळात छोट्या विमानांची घरघर रोजची झाली. धानाच्या बांधीत वाकलेल्या बाया आता वर बघतही नाहीत.

बिरसीहून बालाघाट सरळ रेषेत १८ नॉटिकल मैल, म्हणजे ३३ किलोमीटर. दहा लाखाला एक या प्रमाणाच्या नकाशावर तेवढं अंतर सव्वातीन सेंटिमीटर भरतं. आमचं विमान ९० नॉटने जातं, मिनिटाला दीड मैल. म्हणजे बारा मिनिटं. चहाचं आधण उकळून कपात येईपर्यंतचा हा प्रवास. पण विमानातून वाट काढण्याची सगळी विद्या या बारा मिनिटांत शिकता येते, आणि मी ती तिथेच शिकले.

पेन्सिलीने रेघ आखली की ती उत्तरेपासून किंचित पश्चिमेला झुकते. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आमच्याकडे एका अंशाच्याही आत आहे, त्यामुळे तो हिशेब जवळपास सोडून देता येतो. देशोदेशीच्या वैमानिकांना हे सुख नसतं. रेघेवर तीन-तीन मिनिटांच्या खुणा करायच्या. मग प्रत्येक खुणेपाशी काय दिसलं पाहिजे ते लिहायचं. बिरसी सोडल्यावर थोड्याच वेळात बाघ नदी आडवी येईल, ती ओलांडली की महाराष्ट्र मागे पडला. गोंदिया-बालाघाट रेल्वे डाव्या हाताला राहील, तिच्या पलीकडे वैनगंगा. उजवीकडे किरनापूर आणि त्यामागे डोंगर. रेल्वे सुरुवातीला लांब दिसेल आणि दर मिनिटाला थोडी थोडी जवळ येत बालाघाटच्या स्टेशनात आपल्या रेघेला मिळेल. हे सगळं जमिनीवर, टेबलाशी बसून, विमानात पाय ठेवण्याआधी लिहायचं.

माझे सर फार बोलणारे नव्हते. शिकाऊ पोरांना ते कधीच "खाली काय दिसतंय?" असं विचारत नसत. त्यांचा प्रश्न असे, "पुढे काय दिसणार आहे? किती वाजता?" उत्तर दिलं की ते घड्याळाकडे बघत बसत. नदी सांगितली असेल तर नदी यायची वाट बघत. आली की मान हलवत. नाही आली तरी मानच हलवत, फक्त वेगळ्या दिशेने.

या प्रश्नातला क्रम मला समजायला वेळ लागला. नवशिका माणूस खाली बघतो, एखादं गाव दिसतं, मग ते गाव नकाशात शोधतो. नकाशात तशी दहा गावं असतात. त्यांतलं सोयीचं एक तो निवडतो आणि निर्धास्त होतो. लग्नाच्या मांडवात कोणी पाठीवर थाप मारून "ओळखलं का?" म्हणावं आणि आपण भिडेखातर "हो, न ओळखायला काय झालं" म्हणावं, तशी ही ओळख. ती पुढच्या वाक्याला उघडी पडते. विमानात पुढचं वाक्य दहा मैलांवर असतं. म्हणून क्रम उलटा लावायचा. आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. घड्याळात सहा मिनिटं झाली, नकाशा म्हणतो सहाव्या मिनिटाला हे हे हवं, आता खाली बघ आणि आहे का ते सांग. अशा वेळी जमिनीला नाही म्हणायची मुभा राहते. आणि जी जमीन नाही म्हणू शकते, तिच्याच हो ला किंमत असते.

त्या बारा मिनिटांतलं सहावं मिनिट मला अजूनही आवडतं. पश्चिमेकडून १५ नॉटचं आडवं वारं आहे असं धरा. सांगितलेल्या दिशेला नाक ठेवून गेलात तर विमान नाकासमोर जात नाही, पाण्यातल्या डोंग्यासारखं तिरकं सरकतं. आत बसलेल्याला हे सरकणं कळत नाही. कळतं ते रेल्वेकडे बघून. रेल्वे जवळ यायला हवी होती आणि ती आहे तिथेच राहिली आहे. नऊ मैल गेल्यावर ती अपेक्षेपेक्षा दीड मैल लांब दिसते. दीडला नवाने भागायचं, साठने गुणायचं, दहा अंश. एवढे आपण भरकटलो. साठ मैलांत एका अंशाने एक मैल चुकतो, या जुन्या ठोकताळ्यावर हा तोंडी हिशेब चालतो. दहा अंश डावीकडे वळलं तर भरकटणं थांबतं, आणखी दहा वळलं तर बालाघाट पुन्हा समोर येतं. काहीच केलं नाही तर बाराव्या मिनिटाला आपण शहराच्या तीन मैल पूर्वेला, भरवेलीच्या खाणीच्या अंगाला जाऊन पोहोचतो. खाणीचे ढीग आणि समोर चढत जाणारं जंगल बघून तिथे ज्याला प्रश्न पडेल तो वाचला. "शहर आलंच असेल इथे कुठेतरी" म्हणणाऱ्याचं मात्र कठीण आहे.

आमच्या मुलखात आणखी एक फसवी गोष्ट आहे, तलाव. गोंदिया-भंडाऱ्याकडे माजी मालगुजारी तलावांना लोक मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधायला घेतलेले हे तलाव आणि त्यांच्या पोटातल्या लहान बोड्या हजारोंनी आहेत, आणि सीमा ओलांडून बालाघाटच्या मैदानात आलं तरी त्यांचं सत्र संपत नाही. नकाशावर निळा ठिपका दिसला की नवशिक्याला वाटतं, चला, खूण मिळाली. वर गेलं की एकाच वेळी पंधरा ठिपके चमकत असतात. नवेगाव बांधसारखा डोंगरांच्या कुशीतला मोठा तलाव असेल तर प्रश्नच नाही. बाकी सगळे एकमेकांचे भाऊ.

तरीही तलाव वाचता येतात. नीट पाहिलं की प्रत्येक तलावाची एक बाजू सरळ दिसते आणि उरलेल्या बाजू फाटक्या. सरळ बाजू ती पाळ. पाळ नेहमी उताराच्या अंगाला असते आणि तिच्याखाली धानाच्या बांध्या पसरलेल्या असतात. म्हणजे पाळ जिकडे, पाणी तिकडे वाहणार, आणि पाणी जिकडे वाहणार तिकडे कुठेतरी ओढा आणि शेवटी वैनगंगा. एकटा तलाव तुम्ही कुठे आहात ते सांगत नाही, पण नदी कोणत्या हाताला आहे ते सांगून जातो. हे कळल्यावर मला त्या अनाम पाळी बांधणाऱ्यांविषयी वेगळाच आदर वाटू लागला. त्यांनी उतार पायाने ओळखला होता. मी तो त्यांच्या पाळीवरून वाचते.

नकाशा एकदा छापला जातो, जमीन मात्र वर्षभर रूप बदलत राहते. आषाढात रोवणी लागली की प्रत्येक बांधीत पाणी उभं राहतं. तेव्हा वरून तलाव आणि शेत यांत फरक करणं अवघड, सगळा मुलूख चकाकतो. शिवाय उन्हाच्या दिशेने बघितलं तरच चकाकतो. पाठीवर ऊन घेऊन बघा, तेच पाणी मातकट होऊन मातीत मिसळतं. जाताना दिसलेला तलाव परतताना सापडत नाही तो त्यामुळे. वैशाखात वैनगंगेच्या पात्रात वाळूच जास्त, पाण्याची धार कुठेतरी एका काठाला. पौषातल्या सकाळी पात्रावर धुकं बसतं आणि नदीच्या जागी पांढरी नागमोडी पट्टी उरते. ही पट्टी नदीपेक्षाही स्पष्ट दिसते, फक्त तिच्यात पूल शोधू नयेत. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडांखालचा पाचोळा पेटवतात. तो धूर खाली थबकून राहतो आणि पाच किलोमीटरची दृष्टी कशीबशी उरते. मात्र याच दिवसांत जंगल एक खूण देऊन जातं. सागाची पानं गळलेली असतात, साल मात्र नव्या पालवीने हिरवा असतो. तपकिरी जंगल संपून हिरवं सुरू झालं की समजावं, आपण बैहरच्या बाजूला सरकलो.

या सगळ्यात न सुजणारी, न वाळणारी एकच गोष्ट म्हणजे रेल्वे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. आमच्याकडे तिला छोटी लाइन म्हणत. माझं बालपण तिच्या खिडकीत गेलं. चढावर ती इतकी हळू चाले की पोरं उतरून बोरं वेचून पुन्हा चढत, असं मोठी माणसं सांगायची, आणि ते खोटं वाटत नसे. २०१५ मध्ये बालाघाट ते जबलपूरची छोटी गाडी बंद झाली. आता तिथे मोठे रूळ आहेत. पण डोंगर टाळत, दरी धरत जाण्याची तिची मूळ वाट पुष्कळशी तीच राहिली. जमीन चालून बघितलेल्या माणसांनी काढलेली वाट वरून बघतानाही सर्वांत शहाणी ठरते.

नकाशाचंही असंच आहे. मांडीवरच्या पट्टीवर चिमटा लावून जो कागद आम्ही बसवतो, त्याच्या मुळाशी एक माणूस हिंगणघाटात पुरलेला आहे. विल्यम लॅम्बटन. मद्रासजवळ १८०२ मध्ये आधाररेषा मोजून त्याने त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणायला घेतली आणि वीस वर्षं तो ती आणत राहिला. नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटात त्याचा मृत्यू झाला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं. लॅम्बटनची पद्धत मला फार जवळची वाटते. कोणताही बिंदू एकट्याच्या शब्दावर त्याने मान्य केला नाही. दोन ओळखीच्या बिंदूंनी ग्वाही दिली की तिसरा पक्का. आम्हीही तेच करतो. नदी जुळली, पुरेसं नाही. नदीवरचा पूल जुळला, बरं. पुलापासून स्टेशन ज्या दिशेला हवं त्या दिशेला आहे आणि घड्याळही तेच म्हणतंय, आता मान हलवायला हरकत नाही.

आणि ही काही कालबाह्य विद्या नाही, हेही सांगायला हवं. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईचं जुहू गाठलं, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि खालचा किनारा. त्या दिवशी भारतीय टपाल-विमानसेवा सुरू झाली ती या चार गोष्टींच्या भरवशावर. आज माझ्या विमानात एक छोटा पडदा आहे. उपग्रह त्याच्यावर माझी जागा मीटरच्या हिशेबात दाखवतात. मी तो बंद करत नाही, असं करणं हा अडाणीपणा होईल. पण त्याच्याकडे बघण्याआधी मी माझं उत्तर मोठ्याने बोलते. "सातवं मिनिट, रेल्वे डावीकडे दोन मैल, पुढे बालाघाट दिसायला हवं." मग पडद्याकडे बघते. तो मला तपासतो, मी त्याला. नुसतं पडद्याकडे बघत गेलं तर आपण कुठे आहोत ते कळतं, पण का आहोत ते कळत नाही. पडदा काळा पडला की त्या क्षणाच्या आधीचंही काही हाताशी उरत नाही.

बालाघाटच्या पूर्वेला सूर बदलतो. मैदान संपतं, जमीन चढू लागते. उंची दाखवणारं यंत्र समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतं. त्याचा काटा जागचा हलत नाही आणि खालची झाडं मात्र मोठी होत जातात. बैहरचं पठार, त्याच्या पलीकडे कान्हाचं जंगल, दक्षिणेला लांजीचे डोंगर. इथे रेल्वे नाही, रस्ते झाडांखाली लपतात, गावं विरळ. बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान १८ मार्च २०२३ रोजी याच जिल्ह्यात लांजी-किरनापूर भागातल्या डोंगरात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक, दोघंही गेले. तरुण माणसं होती. त्या संध्याकाळी बालाघाटात जो तो तेवढंच बोलत होता. दुसऱ्याच्या मरणातून आपल्यापुरता धडा काढायची घाई मला बरी वाटत नाही, म्हणून मी काढत नाही. एवढंच झालं की तेव्हापासून नकाशावर त्या डोंगरांच्या तपकिरी रंगावरून बोट फिरवताना मी थांबते आणि उंचीचा आकडा पुन्हा एकदा वाचते.

याच पूर्वेला मलाजखंड आहे. हिंदुस्थान कॉपरची तांब्याची उघडी खाण. सालाच्या हिरव्या रानात पायऱ्या-पायऱ्यांनी खोल उतरत गेलेला हा अजस्र खड्डा कोणत्याही ऋतूत चुकत नाही. जमिनीवरून मलाजखंडला गेले की मला नेहमी उदास वाटतं, डोंगराचं काय होतं ते तिथे दिसतं. हवेतून जाताना मात्र त्याच खड्ड्याकडे मी आतुरतेने डोळे लावते. बिरसीपासून ३८ मैल, पंचविसाव्या-सव्विसाव्या मिनिटाला तो समोर यायलाच हवा. एकाच जागेविषयी मनात अशा दोन गोष्टी नांदतात, आणि त्यांचा मेळ घालायचा मी प्रयत्न सोडून दिला आहे.

एकटीने जबलपूरला जायची पाळी आली तेव्हा मी छोट्या लाइनचीच वाट घेतली. बिरसी, बालाघाट, नैनपूर, मग उजवीकडे बरगीचा जलाशय धरून जबलपूर. शंभरएक मैल. शरदाचे दिवस होते, हवा धुतलेली. बालाघाटवरून नाक उत्तरेला लावलं, घड्याळाची कळ दाबली. नैनपूर पंचविसाव्या मिनिटाला. लामटा मागे पडल्यावर जंगल दाटलं आणि रूळ झाडांत दिसेनासे झाले. अशा वेळी कान उगाच इंजिनाकडे लागतात. विसाव्या मिनिटाच्या सुमारास डावीकडे लांबवर एक गाव दिसलं, मोकळ्या शेतांत बसलेलं, काठाला चमकणारी रेल्वेची रेघ. मनाने लगेच सांगितलं, हेच नैनपूर. हाताला तिकडे वळायची सुरसुरी आली.

मी कागदावर काय लिहिलं होतं ते वाचलं. नैनपूर: चार फाटे. गोंदिया, जबलपूर, मंडला, छिंदवाडा. छोट्या लाइनच्या जमान्यात हे जंक्शन सातपुड्यातल्या सगळ्या गाड्यांचं माहेर होतं, आणि आजही चारी दिशांना रूळ जातात. डावीकडच्या गावातून एकच रेघ येऊन एकच जात होती. शिवाय घड्याळात अजून पाच मिनिटं होती. ते केवलारी होतं, छिंदवाड्याच्या फाट्यावरचं. मी नाक हलवलं नाही. पाच मिनिटं फार मोठी असतात, हे परीक्षेच्या हॉलमध्ये आणि विमानात दोनच ठिकाणी कळतं. चोविसाव्या मिनिटाला नाकाच्या किंचित डावीकडे रुळांची एक फुली उमटली. चारी बाजू मी बोटाने मोजल्या. मग कागदावर वेळ लिहिली आणि पुढच्या खुणेचा हिशेब मांडला.

त्या दिवशी आनंद झाला तो नैनपूर सापडलं याचा कमी होता. केवलारीला मी नाही म्हणू शकले याचा जास्त होता. आत्मविश्वास शब्दाशी आपण छाती, ताठ मान, ठाम आवाज असलं काहीबाही जोडून ठेवलं आहे. आभाळात तो अगदी सौम्य असतो. तो म्हणतो, मी अमुक ठरवलं आहे, ते चुकीचं असेल तर अमुक वेळी, अमुक ठिकाणी कळेल, आणि कळलं की काय करायचं तेही ठरलेलं आहे. वाट हरवली तर उंची घ्यायची, कारण वरून जास्त दिसतं आणि रेडिओही लांबवर पोहोचतो. मग नियंत्रकाला स्पष्ट सांगायचं की मी कुठे आहे याची मला खात्री नाही. आडवळणाने नाही, थेट. शेवटची पक्की खूण कोणती आणि ती किती वाजता दिसली ते सांगायचं. हे वाक्य बोलायला धजतो त्या वैमानिकाबरोबर मी डोळे मिटून बसेन. कधीच वाट चुकलो नाही म्हणणाऱ्याबरोबर बसायला मात्र मी दहा कारणं काढीन.

जमिनीवरच्या माणसांनाही हे लागू पडतं का, असं माझे विद्यार्थी विचारतात. मी त्यांना उपदेश करत नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगाआधी फळ्यावर एक रकाना आखते, "काय वाचन येईल असं वाटतं?" तो भरल्याशिवाय उपकरणाला हात लावू देत नाही. पोरं कुरकुरतात. "मॅडम, आधी बघू तर द्या." नाही. आधी बोला, मग बघा.

आता गोंदियाहून प्रवासी विमानंही सुटतात. वाचकांपैकी कोणी त्यात बसणार असेल आणि खिडकीजवळची जागा मिळाली असेल, तर एक करून बघा. निघण्याआधी घरीच नकाशा उघडा. उड्डाणानंतर कितव्या मिनिटाला कोणती नदी, कोणती रेल्वे, कोणता मोठा तलाव कोणत्या हाताला दिसायला हवा ते चिठ्ठीवर लिहा. मग घड्याळ लावून खिडकीतून बघा. पहिल्या खेपेला बहुतेक अंदाज चुकतील, विमान मोठं असतं आणि वेग कितीतरी जास्त. तरी लिहा. चुकलेल्या अंदाजाखाली रेघ मारा आणि पुढच्या खुणेचा मांडा. ज्या मुलखात आपण जन्म काढला, त्याची खरी ओळख करून घ्यायला याहून स्वस्त शाळा नाही.